मिशी गेल्यानंतरच्या पैजा

गल्लीच्या तोंडाशी लॉन्ड्री आहे. तिच्यावर पाटी आहे, पाटीवर नावही आहे, पण ते वाचायच्या फंदात कुणी पडत नाही. सगळे आपले म्हणतात, 'कपडे मिशीवाल्यांकडे टाकलेत.' नवीन माणूस दुकानात येतो, काउंटरमागच्या तुळतुळीत चेहऱ्याकडे बघतो आणि विचारतो, "मिशीवाले कधी येतील?" मग काउंटरमागचा माणूस घसा खाकरून म्हणतो, "मीच."

मिशी होती हो. चांगली भरघोस, टोकांना पीळ दिलेली, दिवसभर वाफेत उभं राहूनही न वाकणारी. ती कशी गेली हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल.

मिशीवाल्यांचं खरं काम डाग काढायचं. धुवायचं काम मशीन करतं, त्यात काय मोठंसं, असं ते म्हणतात. गिऱ्हाईक यायचं ते रडवेलं होऊन. लग्नातला कोट, मुलाखतीचा शर्ट, सासूने दिलेला पडदा, आणि त्यावर नेमका मध्यभागी डाग. मिशीवाले कपडा हातात घ्यायचे, दाराशी उजेडात न्यायचे, बोटांमध्ये चोळायचे, नाकाशी धरायचे. आत इस्त्रीच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोच्या मते ते एक दिवस चाटूनही बघणार होते. मग डागावर बोट ठेवून ते म्हणायचे, "निघेल. नाही निघाला तर मिशी उतरवून ठेवीन."

संपलं. गिऱ्हाइकाच्या जिवात जीव यायचा. पावती घ्यायचंही भान राहायचं नाही.

आता ह्यात एक मेख होती, आणि ती गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. खात्री असल्याशिवाय हा माणूस मिशीला हात घालायचा नाही. खात्री नसली की तो फक्त म्हणायचा, "बघतो." 'बघतो' ऐकलं की शहाण्या माणसाने समजून जायचं की आपल्या शर्टाने आता फरशी पुसायची.

तर एके दिवशी एक कॉलेजातली मुलगी आली. एका हातात पांढरं जॅकेट, दुसरा हात फोनसकट कानाला. "काका, हा डाग निघेल ना?" असं म्हणत तिने जॅकेट काउंटरवर टाकलं आणि बोट हवेत कुठेतरी फिरवलं. मिशीवाल्यांनी जॅकेट उलगडलं. पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत निळा ओघळ. कुणीतरी शाईची बाटलीच उपडी केली असावी. त्यांना मुलीची दया आली. ओघळावर बोट ठेवून त्यांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. मुलगी "ओके काका" म्हणून फोनवर बोलत निघून गेली.

मग काय, लिंबू झालं, स्पिरिट झालं, व्हिनेगर झालं. शेवटी कपाटातली तपकिरी बाटली निघाली, जिचं बूच काढलं की समोरचा सलूनवाला रस्त्यापलीकडून शिंकायचा. ओघळ ढिम्म. मिशीवाल्यांचं जेवणात लक्ष लागेना. रात्री झोपेत ते काहीतरी चोळत होते आणि ती उशी निघाली.

मुलगी आली तेव्हा त्यांनी मान खाली घालून जॅकेट पुढे केलं. तिने बाही उलटून बघितली. "निघाला की. किती घाबरले होते मी, कॉफी सांडली होती."

"बाहीचा नाही गं. पाठीवरचा."

मुलीने पाठ बघितली, मग त्यांच्याकडे बघितलं. "काका, ते डिझाइन आहे."

त्या ओघळासाठीच म्हणे ते जॅकेट घेतलं होतं. खालच्या कोपऱ्यात तो थोडा फिकाही झाला होता. "पण बरं दिसतंय," असं ती दिलदारपणे म्हणाली. दुकानात दोघंतिघं होते ते हसून हसून काउंटरला टेकले. सलूनवाला हातात फेसाचा ब्रश घेऊन रस्ता ओलांडून आला, त्याला पहिल्यापासून सगळं परत सांगावं लागलं. आणि मग सगळ्यांनी एकमताने निकाल दिला की पैज रद्द. जो डागच नव्हता तो निघणार कसा?

"बोट ठेवून बोललो होतो," मिशीवाले म्हणाले. "बोट कुठे होतं ते मला माहीत आहे."

ते रस्ता ओलांडून सलूनच्या खुर्चीत जाऊन बसले. सलूनवाल्याचंच अवसान गळालं. इतकी वर्षं त्यानेच तर ती मिशी कोरून कोरून वाढवली होती. वस्तरा हातात धरून तो म्हणाला, "अहो, निदान अर्धी ठेवू." मिशीवाल्यांनी डोळे मिटले. तेव्हा त्याने नाइलाजाने वस्तरा लावला, आणि त्या कामाचे त्याने पैसे घेतले नाहीत.

परत आले तेव्हा काकूंच्या हातातली इस्त्री थांबली. सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणते, आपणही म्हणू. काकूंनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, इस्त्री उभी ठेवली, आणि मग जे हसायला लागल्या ते धुवायच्या गाठोड्यावरच बसल्या. मिशीखाली एक तीळ निघाला होता, वरच्या ओठावर, ठसठशीत.

"लग्न होऊन इतकी वर्षं झाली," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आणि हा तीळ माझ्यापासून लपवून ठेवलात होय?"

मिशीवाले पुढचे काही दिवस तोंडाशी रुमाल धरून हिंडले. लोकांना वाटलं दाढ दुखतेय.

रुमाल सुटला, पण खरी पंचाईत तेव्हा सुरू झाली. पॅन्टवर तेलाचा डाग घेऊन एक गृहस्थ आले. मिशीवाल्यांनी पॅन्ट उजेडात नेली, चोळली, हुंगली. "निघेल. नाही निघाला तर..." हात ओठाकडे गेला आणि तिथेच घुटमळला. गिऱ्हाईक वाट बघत उभं. "तर काय?" त्याने विचारलं. "तर... निघेल हो," मिशीवाले म्हणाले. गृहस्थांनी पॅन्टची घडी घातली आणि म्हणाले, "उद्या चक्कर मारतो." ते काही आले नाहीत.

मिशी परत वाढवायला काय हरकत आहे, असं सलूनवाल्याने सुचवून बघितलं. पण मिशीवाल्यांचं म्हणणं, हरलेली वस्तू तीच उचलून पुन्हा लावायची म्हणजे निव्वळ लबाडी. तेव्हा ते दार बंद झालं.

मिशीवाल्यांची लेक शाळेत शिकवते. तिला ह्या प्रकारात फार रस आला. "बाबा, तसंही ते मिशीबिशी जुनं झालं होतं. एखाद्या बाईने लॉन्ड्री चालवली तर तिने काय उतरवून ठेवायचं? नवीन काहीतरी काढा." आणि तिने रात्रीच्या जेवणाला रोज एक नवीन पैज वाढायला सुरुवात केली.

झालं, मिशीवाल्यांच्या अंगात आलं. एका गिऱ्हाइकाला ते म्हणाले, "नाही निघाला तर ही पॅन्ट मी स्वतः घालून बाजारातून फिरेन." गिऱ्हाइकाची कंबर वेताच्या काठीएवढी. ते म्हणालं, "फिरू नका, फाटेल." दुसऱ्याला म्हणाले, "तर आठवडाभर दुकानातला रेडिओ बंद." हे ऐकून सलूनवाल्याने पलीकडून विचारलं की डाग कशाचा आहे आणि तो न निघण्यासाठी काही करता येईल का. मग 'तर चष्मा उलटा घालीन' झालं, 'तर दुकानात उलटं चालीन' झालं. एका वकीलबाईंच्या काळ्या कोटावर मेण सांडलं होतं, तेव्हा ते म्हणाले, "नाही निघालं तर महिनाभर समोरच्या सलूनवाल्याला साहेब म्हणेन." सलूनवाला तीन वेळा येऊन तो कोट बघून गेला. मेण निघालं. त्या दिवशी त्याचं कुणाशी धड बोलणं नव्हतं.

लोक हसायचे, कपडे टाकून जायचे, पण पहिल्यासारखा कुणाच्या जिवात जीव यायचा नाही. मिशीवाल्यांना ते कळत होतं, बोलून दाखवत नव्हते इतकंच. त्यांना काकूंचा रागही यायचा, कारण काकू आतून, वाफेच्या पडद्याआडून, प्रत्येक पैजेचा पंचनामा करायच्या.

"ह्यात तुमचं जातंय काय? रेडिओ बंद म्हणे. मिशी गेली तेव्हा तोंड लपवत फिरलात. पैज कशी, हरल्यावर झोंबली पाहिजे."

"मग तूच सांग, काय लावू?"

"इस्त्री लावा."

मिशीवाले ताबडतोब एका कॉलरमध्ये तोंड खुपसून कामाला लागले.

इस्त्री हा त्या घरातला जुना दुखरा दात. डाग काढणारा मोठा की इस्त्री करणारा, ह्यावर नवराबायकोचं लग्नापासून भांडण. मिशीवाले म्हणायचे, इस्त्री म्हणजे काय, गरम लोखंड पुढेमागे सरकवायचं. काकू म्हणायच्या, सरकवून दाखवा. एकदाच दाखवलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, आणि तेही नेमकं सासऱ्यांच्या पॅन्टवर. बसायच्या जागी इस्त्रीचा पूर्ण ठसा उमटला. सासरे भले, काही बोलले नाहीत, ती पॅन्ट घालून जावयाकडे पाठ करून उभे राहिले. तेव्हापासून मिशीवाल्यांनी कानाला खडा लावला. मरेन पण इस्त्रीला हात लावणार नाही. ते काम हलकं म्हणून लावत नाही असं ते सांगायचे. खरं म्हणजे जमत नव्हतं, आणि हे माहीत असलेली जगात एकच व्यक्ती होती, ती आत वाफेत उभी होती.

तिथून ती आणखी एक काम करायची. मिशीवाल्यांच्या हातून सुटलेला प्रत्येक कपडा इस्त्रीआधी खिडकीशी धरायची आणि म्हणायची, "इथे राहिलंय." रोज किमान एकदा तरी. 'इथे राहिलंय' ऐकलं की मिशीवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची, कारण तिथे खरोखरच राहिलेलं असायचं.

ह्या नव्या पैजांच्या गडबडीत एक गोष्ट झाली. 'इथे राहिलंय' येईनासं झालं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, कितीतरी दिवस. आणि हे गृहस्थ मनातून खूश. त्यांना वाटलं आपला हात सुधारला. दरम्यान गिऱ्हाइकांच्या बारीकसारीक तक्रारी येऊ लागल्या. कॉलर दुमडलेलीच दाबली गेली, खिशाला चुण्या राहिल्या. मिशीवाले काकूंना चिडवायचे, "काय हो इस्त्रीवाल्या बाई, हात म्हातारा झाला का?" काकू नेहमीसारखं फाडकन उत्तर द्यायच्या नाहीत. मिशीवाल्यांना वाटलं, चला, हेही जिंकलो.

मग एका दुपारी इस्त्री करून घडी घातलेल्या गठ्ठ्यात त्यांना एक पांढरा शर्ट दिसला, आणि त्याच्या छातीवर पिवळा डाग. त्यांच्याच हातून राहिलेला. लांबून दिसेल असा. ते शर्ट घेऊन आत गेले आणि ऐटीत म्हणाले, "हे बघ, आज तुझ्या नजरेतून सुटलं."

काकूंनी मान तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला तिरकी केली. "कुठे?" त्यांनी विचारलं.

मिशीवाल्यांनी शर्ट खाली ठेवला. त्यांनी काकूंचा हात हातात घेऊन बघितला. बोटांच्या टोकांना जागोजागी भाजलं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरबाई बोलायला सरळ होत्या. काकूंचा डावा डोळा लहानपणापासून नावापुरता, सगळा संसार उजव्यावर चाललेला, आणि आता त्या उजव्याच्या आतला पडदा सुटत चालला होता. ऑपरेशन लवकर करायला हवं. नाही केलं तर डोळा जाणार. केलं तर वाचायची आशा आहे, पण किती दिसेल, दिसेल की नाही, ह्याची खात्री त्या देऊ शकत नव्हत्या. त्यांनी तारीख दिली.

काकू घरी आल्या, स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मला नाही करायचं ऑपरेशन. आता जेवढं दिसतंय तेवढंही त्यात गेलं तर?"

लेकीने समजावलं. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं पहिल्यापासून परत सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडे तोंड वळवलं. "तुम्ही सांगा. दिसेल मला?"

इतके दिवस उठताबसता पैज लावणारा माणूस. पण कपडा हातात घेऊन चोळता येतो, हुंगता येतो. इथे काय चोळणार? लेक खुणा करत होती, हो म्हणा, हो म्हणा. त्यांच्या तोंडून निघालं ते इतक्या वर्षांच्या सवयीने निघालं.

"बघतो."

काकूंनी स्टुलाच्या कडेला हात टेकला. मग म्हणाल्या, "म्हणजे आता मला फरशी पुसायला घ्या."

आणि त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. लेकीने बापाकडे असं बघितलं की त्यापेक्षा तिने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून काकू ऑपरेशनचं नावही काढू देईनात. तारीख जवळ येत होती. मिशीवाल्यांची झोप उडाली. मनाचा हिय्या करून ते एकदा काकूंसमोर जाऊन बसले. काकू चाचपडत मटार सोलत होत्या.

"दिसेल तुला," ते म्हणाले. "नाही दिसलं तर दुकानाची पाटी उलटी टांगेन."

"सुलटी तरी कोण वाचतंय?"

"चहा सोडेन."

"डॉक्टरांनी गेल्याच वर्षी सोडायला सांगितलाय."

"सलूनवाल्याशी जन्मात बोलणार नाही."

"त्या बिचाऱ्याची सुटका होईल."

"डोकं भादरून घेईन."

काकूंनी मटाराचं साल बाजूला टाकलं. "तिथे आता आहे काय भादरण्यासारखं?"

मिशीवाले चिडले. त्यांना हसूही येत होतं आणि रडूही. "अगं, मग तुला हवंय तरी काय? मी काय डॉक्टर आहे? मला त्यातलं कळत असतं तर खात्रीने सांगितलं नसतं?"

"खात्री कुणी मागितलीय?" काकू म्हणाल्या. त्यांचे हात थांबले होते. "खात्री त्या बाईंकडेही नाही. पण ऑपरेशन बिघडलं तर काय जाईल? माझा डोळा. सगळे येऊन म्हणतील, अरेरे. आणि आपापल्या घरी जातील. तुम्हीसुद्धा संध्याकाळी दुकान उघडाल. एकटीने हरायची भीती वाटते हो मला. तुमचंही काहीतरी जाऊ दे की त्यात. झोंबेल असं."

इतकं सरळ त्या कधी बोलल्या नव्हत्या. मिशीवाल्यांनी मान खाली घातली. काय लावायचं ते त्यांना कळलं होतं, नुसतं तोंडातून निघत नव्हतं. एकदा वाटलं पुन्हा सलूनवाल्यावरच काहीतरी लावावं. मग त्यांनी मान वर केली.

"दिसेल. नाही दिसलं तर इस्त्री मी करीन. जन्मभर. रस्त्याकडच्या खिडकीत टेबल लावून, सगळ्यांना दिसेल असं. आणि तू मागे खुर्चीत बसून मला शिव्या घालायच्या."

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"शब्द?"

"हा तीळ उघडा टाकून बसलोय," मिशीवाले म्हणाले. "आणखी काय पुरावा देऊ?"

काकूंनी शेंग फोडली. "तारीख कधीची म्हणालात?"

आता खरी गंमत पुढे. कुणालाही वाटेल, पैज लावून हा माणूस निर्धास्त झाला असेल. कसला निर्धास्त. त्याच संध्याकाळी, काकू घरी आणि लेक त्यांच्याजवळ असताना, मिशीवाल्यांनी दुकानाचं दार आतून लावलं आणि इस्त्री तापवली. आयुष्यात पहिल्यांदा ते खात्री नसताना बोट ठेवून बोलले होते. हरू शकतो हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. आणि हरलो तर काकूंच्या हाताखालून गेलेल्या कपड्यांच्या जागी आपल्या हातचे कपडे गिऱ्हाइकाला द्यायचे, ह्या विचारानेच त्यांना घाम फुटला.

स्वतःचा जुना शर्ट घेतला. पहिल्या फटक्यात कॉलरला करपल्याचा वास आला. दुसऱ्या शर्टाचं बटण वितळलं. बाहीला घडी घातली, उलटवली, तर पलीकडे दुसरीच घडी. ती काढायला गेले तर तिसरी. अंगठा भाजला तेव्हा त्यांनी काकूंना मनातल्या मनात हात जोडले. सलूनवाल्याने फटीतून उजेड बघून दार वाजवलं, आत आला, टेबलावरची दाणादाण बघितली. एरवी ह्या दृश्यावर त्याचं वर्षभर भागलं असतं. त्या दिवशी तो फक्त म्हणाला, "मलम पाठवून देतो," आणि दार ओढून घेतलं.

ऑपरेशन झालं. काकूंना घरी आणलं. डॉक्टरबाईंनी पालथं पडून राहायला सांगितलं होतं, मान खाली, दिवसरात्र. काकू पलंगाच्या कडेवरून जमिनीकडे तोंड करून हुकूम सोडायच्या, आणि घरच्यांना ते उशीतून ऐकू यायचे.

"दुकानात इस्त्री कोण करतंय?"

"एक माणूस ठेवलाय," मिशीवाले म्हणाले.

"हात कसा आहे?"

"शिकतोय."

"वय काय?"

"असेल माझ्याएवढा."

"ह्या वयात शिकतोय? आधी काय करत होता?"

"मिजास," मिशीवाले म्हणाले.

काकूंनी उशीचा अभ्रा बोटांनी चाचपून बघितला. "जड आहे हात. त्याला सांगा, कापडाशी भांडू नकोस. आधी पाण्याचा हात फिरव, मग शिवण जुळव, मग इस्त्री."

मिशीवाल्यांनी ते त्या माणसाला जाऊन सांगितलं, म्हणजे दुकानात जाऊन तसं करून बघितलं. अभ्रा बरा जमला. चादरी जमायला लागल्या. बाही मात्र काही केल्या ऐकेना.

पट्टी निघाली. काकूंनी डोळा उघडला, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "पाण्यात बुडी मारून बघितल्यासारखं दिसतंय." डॉक्टरबाई म्हणाल्या, थांबा, हळूहळू कळेल. पुढचे आठवडे फार वाईट गेले. रोज सकाळी लेक विचारायची, काकू म्हणायच्या, "तसंच." एकदा तर त्यांनी खिडकीकडे तोंड करून, "उजेड बाकी छान पडलाय," असं म्हटलं आणि खिडकी बंद होती. मिशीवाले दुकानात गेले आणि दुपारपर्यंत बाह्या करत राहिले. नवीन गिऱ्हाईक आलं, शर्टावरच्या डागाचं विचारलं, तर म्हणाले, "निघेल हो." पैज लावली नाही. त्यांच्याजवळ लावायला आता काही उरलं नव्हतं.

अशीच एक सकाळ. मिशीवाले दुकानात निघाले होते. काकू खाटेवर बसल्या होत्या, हातात चहाचा कप. मिशीवाले कपाटावरची किल्ली घ्यायला त्यांच्यासमोरून गेले.

"थांबा," काकू म्हणाल्या.

ते थांबले.

"त्या माणसाला काढून टाका."

"कुठल्या माणसाला?"

"इस्त्रीवाल्याला. तुमच्या बाहीवर दोन घड्या आहेत."

मिशीवाल्यांचा हात किल्लीवर तसाच राहिला. त्यांनी बाहीकडे बघितलं. दोन होत्या. एक खरी, आणि तिच्या शेजारी केसाएवढ्या अंतरावर दुसरी, दाराशी नेल्याशिवाय त्यांना स्वतःलाही दिसली नसती अशी. लेक आतून धावत आली आणि दारातच उभी राहून रडायला लागली. काकूंनी कप खाली ठेवला, उठल्या, नवऱ्याचा हात धरून डोळ्याशी नेला. मग बाही सोडून त्यांनी तो हातच उलटापालटा करून बघितला. अंगठा, तळवा, बोटांची टोकं. जुने डाग, नवे डाग.

"शिकतोय म्हणे," त्या म्हणाल्या. "कधीपासून?"

खोटं सांगता आलं असतं. "पैज लावली त्याच संध्याकाळपासून."

"म्हणजे मला दिसेल म्हणालात, आणि घराबाहेर पडून हरायची तयारी केलीत."

"मला काही कळत नव्हतं गं," मिशीवाले म्हणाले. "डागाचं कळतं, डोळ्याचं काय कळणार? एवढंच कळत होतं की दिसलं नाही तर तू कपडे हातानेच बघशील. बोट फिरवून. तुझ्या बोटाला तरी एकच घडी लागायला हवी होती."

काकूंनी पदराने डोळा पुसायला हात वर नेला, डॉक्टरबाईंनी चोळू नका सांगितलंय हे आठवून तो खाली घेतला, आणि पाणी तसंच वाहू दिलं.

"शर्ट काढा," शेवटी त्या म्हणाल्या.

"आता?"

"जिंकलात म्हणून सुटलात असं समजू नका. हा असला शर्ट घालून माझ्या दुकानात बसणार?"

घरातल्या टेबलावर चादर अंथरली गेली, इस्त्री तापली. मिशीवाले बनियनवर उभे राहिले. काकूंनी इस्त्री त्यांच्याच हातात दिली आणि शेजारी खुर्ची ओढून बसल्या. पाण्याचा हात फिरला. शिवण जुळली. मिशीवाल्यांनी श्वास रोखून इस्त्री खांद्यापासून मनगटापर्यंत नेली. बाही उलटली. एकच घडी होती, सरळ. ते छाती फुगवून काकूंकडे वळले.

काकूंनी शर्ट उचलला, खिडकीशी नेला, उजेडात धरला. मान जराही तिरकी न करता त्यांनी कॉलरच्या खाली बोट ठेवलं.

"इथे राहिलंय."

चहाचा ठिपका होता, तिळाएवढा. मिशीवाल्यांना तो दिसला होता. तरी त्यांनी विचारलं, "कुठे?"

"इथे," काकू म्हणाल्या. "हे काय, इथे."